यशवंतराव चव्हाण यांचे प्रारंभिक जीवन
यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री व पुढे भारताचे उपपंतप्रधान होते. त्यांचा जन्म देवराष्ट्रे (सध्या सांगली जिल्हा) या आजोळच्या गावी झाला. कराडच्या न्यायालयात बेलिफ असलेले वडील प्लेगने दगावले तेव्हा यशवंतराव लहान होते. घराचा भार आई विठाबाई व थोरले बंधू ज्ञानोबा यांच्यावर आला.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते कायदेभंगाच्या चळवळीत ओढले गेले. २६ जानेवारी १९३२ रोजी तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यापूर्वी माफी मागितल्यास सुटका होईल, असे सुचवण्यात आले होते. घरात दारिद्र्य असूनही कोठडीत भेटीस आलेल्या निरक्षर विठाबाईंनी माफीस साफ नकार दिला. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत आदींच्या सहवासात त्यांचे वाचन विस्तारले. त्यांचे खरे महाविद्यालय बहुधा हेच होय.

सुटकेनंतर ते १९३४ मध्ये मॅट्रिक, १९३८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून बी.ए. आणि १९४१ मध्ये पुण्यातून एलएल.बी. झाले. २ जून १९४२ रोजी त्यांचा फलटणच्या वेणूताईंशी विवाह झाला. दोनच महिन्यांत छोडो भारत आंदोलन सुरू झाले व ते भूमिगत झाले. त्याची झळ कुटुंबाला बसली: नवविवाहित वेणूताईंना तुरुंगवास घडला, त्यांची प्रकृती ढासळली आणि याच काळात ज्ञानोबांचे निधन झाले. आजारी पत्नीला भेटण्यासाठी फलटणला गेले असता १९४३ मध्ये यशवंतरावांना अटक झाली.

१९४६ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले व गृहखात्याचे संसदीय सचिव झाले.