प्राध्यापक बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, मुक्तिदाते म्हणून वंदन करतो. पण ते हाडाचे शिक्षक होते, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

१९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. राहणे मात्र परळच्या बी.आय.टी. चाळीत, आपल्या कामगारांच्या शेजारात. अस्पृश्य माणूस काय शिकवणार, असे सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटे. काही सहकारी प्राध्यापकांनी तर त्यांनी स्टाफच्या माठातले पाणी पिऊ नये म्हणून हरकत घेतली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या विद्वानाची ही किंमत!

बाबासाहेब पूर्ण तयारी करून वर्गात जात. विषय खोलवर समजावून देत. थोड्याच दिवसांत वर्गात शांतता पसरली आणि दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीसुद्धा परवानगी काढून त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊ लागले. सहकाऱ्यांनी जात पाहिली, पोरांनी शिकवणे पाहिले. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि साठवलेल्या पैशाला कर्जाची व मदतीची जोड देऊन अपुरे शिक्षण पुरे करायला लंडन गाठले. पुढे १९२८ पासून ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ साली तिथलेच प्राचार्य झाले.

प्राध्यापक निवडायची पाळी त्यांच्यावर आली तेव्हा काय झाले, तेही पाहा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले. त्याचे पहिले प्राचार्य संस्कृतचे नामवंत विद्वान गजेंद्रगडकर, जातीने ब्राह्मण. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्यपद म. भि. चिटणीसांनी सांभाळले. ज्यांना माठाजवळ येऊ दिले नाही, त्यांनी शिक्षक निवडताना जातीचा विटाळ मानला नाही. आपल्या पोरांना उत्तम शिकवणारा हवा, एवढेच पाहिले.

आम्ही गिरणीत काम करणारी माणसे, कॉलेजची पायरी चढलो नाही. तरी चांगला शिक्षक कसा ओळखावा, हे बाबासाहेबांच्या चरित्रातून आम्हाला कळते. तेव्हा पोरांना शिकवणीला घालताना मास्तरांचे आडनाव विचारू नका. त्यांच्याकडे शिकणाऱ्या पोरांना विचारा, समजते का? विहाराच्या अभ्यासवर्गालाही हीच कसोटी लावा.

जय भीम! नमो बुद्धाय!