आधी खराटा, मग कीर्तन

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे पंढरीची वारी मी टीव्हीवरच पाहिलेली. फर्स्ट इयरला असताना रूम पार्टनर म्हणाला की, चल, तुला खरी वारी दाखवतो. तो इंदापूर तालुक्यातला. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघाली, तेव्हा आम्ही दोघे आणि त्याची आजी काटेवाडीला जाऊन थांबलो. तिथे परीट समाजाची माणसं पालखीखाली स्वच्छ धुतलेल्या धोतरांच्या पायघड्या अंथरतात. मग मेंढ्यांचं रिंगण होतं. मी मोबाईलवर फोटो काढत होतो. तेवढ्यात आजींनी मला सांगितलं की, गाडगेबाबा याच परीट समाजातले.

खरं सांगायचं तर गाडगेबाबा मला फक्त ग्रामस्वच्छता अभियानाच्या पाटीवरचं नाव म्हणून माहीत होते. होस्टेलवर आल्यावर लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि जे वाचलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला आली. डेबूने गुरं राखली, नांगर धरला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली तेव्हा अडाणीपणाची किंमत काय असते ते त्याला कळलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्याने गोड जेवण वाढलं. लोक नाराज झाले, पण तो बधला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीने घर सोडलं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि सोबत मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं. यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरलं की आधी रस्ता झाडायचा. गटार तुंबलं असेल तर ते मोकळं करायचं. लोक आधी वेडा समजायचे, मग लाजायचे, आणि मग एकेक जण हातात खराटा घेऊन पुढे यायचा. दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री त्याच जागेवर कीर्तन. कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरं काढून घेत. देवाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, हाच विषय. कुणी पाया पडायला आलं तर ते चिडत. सकाळ झाली की बाबा पुढच्या गावाला.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. यात्रा म्हटली की पटकी, म्हणजे कॉलरा, हे समीकरणच होतं. एका ठिकाणी हजारो माणसं जमायची. शौचाची सोय नाही आणि तेच नदीचं पाणी प्यायला. वारकरी परतताना रोग आपापल्या गावी घेऊन जायचे. पटकी म्हणजे मरीआईचा कोप असं लोक समजत आणि तिला बळी देत. खरं तर दूषित पाण्यातून जंतू पोटात जातो हे तोपर्यंत सिद्ध झालेलं होतं. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८४ मध्ये दाखवून दिला होता. पण ही गोष्ट खेडोपाडी कोण पोचवणार? बाबांना अक्षरओळख नव्हती. तरी बळी देऊ नका आणि घाण काढा, या त्यांच्या दोन गोष्टी रोगाच्या बरोबर मुळावर घाव घालणाऱ्या होत्या. पंढरपूरला जाऊन ते चंद्रभागेचं वाळवंट झाडत.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. उघड्यावर पडणाऱ्या गरिबाला छप्पर मिळालं. मी सिव्हिलचा विद्यार्थी. आम्हाला पाणीपुरवठा आणि सांडपाणी हा विषय आहे, पण धर्मशाळेकडे आरोग्याची सोय म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं! स्वतः बाबा मात्र त्या धर्मशाळांत आरामात राहिले नाहीत. भाकरी मागून खायची, हा नेम शेवटपर्यंत सुटला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

१९२३ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. कीर्तन थांबलं नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. मागे स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही.

मित्रांनो, आता आपल्या होस्टेलबद्दल. गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधल्या तिघांना डेंगू झाला. एकाच्या प्लेटलेट्स इतक्या उतरल्या की त्याचे आईवडील रात्रीच गाडी करून आले. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. डेंगूची सूचना नोटीस बोर्डावर महिनाभर आधीपासून लागलेली होती. आम्ही सगळ्यांनी ती वाचली होती. पण गॅलरीत ठेवलेल्या बादल्या आणि बंद पडलेला कूलर कुणीच रिकामा केला नाही. ते आपलं काम नाही, सफाईवाले मामा करतील, असं प्रत्येकाला वाटलं. त्या प्रत्येकात मीही होतो.

डेंगूचा डास गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवली की साखळी तुटते. मेसला जाण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्या. चमचा म्हणजे चहाचा, छोटा. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नका, डॉक्टर गाठा.

यातलं काहीच नवीन नाही, हे मलाही माहीत आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी बंद राहिली आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. साथ काय करू शकते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. माहिती आपल्याकडे भरपूर आहे. आपल्याला लाज वाटते ती खराटा हातात घ्यायची. गाडगेबाबांकडे डिग्री नव्हती, पण त्यांनी आधी झाडलं आणि मग सांगितलं.

आमच्या विंगमध्ये आता दर रविवारी सकाळी नाश्त्याआधी आम्ही बादल्या आणि कूलर रिकामे करतो. पहिल्या रविवारी आम्ही दोघंच होतो. मागच्या रविवारी अकरा जण होते. तुमच्या विंगचं काय?

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी