मेचनिकॉफ आणि पहारेकरी पेशी

तुमच्या पायात कधी काटा रुतला आहे का? ती जागा लाल होते, सुजते, कधी पूही होतो. पू म्हणजे नुसती घाण नव्हे. जंतूंशी लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशी त्यात असतात. या लढाईचे महत्त्व ज्यांनी जगाला पटवून दिले, त्या एली मेचनिकॉफ यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १८४५ साली खारकिव्ह शहराजवळ झाला. तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आज युक्रेनमध्ये आहे. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

१८८२ साली मेचनिकॉफ इटलीतील मेसिना येथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली. हे मात्र सूक्ष्मदर्शकापाशी बसले. समोर तारामाशाची पिल्ले होती, काचेसारखी पारदर्शक. त्यांच्या शरीरात पेशी फिरताना दिसत होत्या. बाहेरून काही घुसले तर या पेशी धावून येतील का? त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून पिल्लांना टोचले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता!

अनेक डॉक्टरांना हे पटले नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना मारत नाहीत, उलट शरीरभर पसरवतात, असे ते म्हणत. वाद कित्येक वर्षे चालला. १८८८ साली लुई पाश्चर यांनी मेचनिकॉफना पॅरिसमध्ये प्रयोगशाळा दिली आणि १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे त्यांचे लक्ष आतड्याकडे वळले. कॉलऱ्याचे जंतू ते स्वतः प्यायले! त्यांना काही झाले नाही. पण तोच प्रयोग करणारा दुसरा एक जण मरता मरता वाचला. (तुम्ही असले धाडस मुळीच करू नका.) आतड्यातील इतर जंतूंमुळे हा फरक पडत असावा, असे त्यांना वाटले. म्हणून ते रोज आंबवलेले दूध घेत. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्यांचे मत मात्र चुकीचे ठरले.

१९१६ साली ते वारले. पहारेकरी पेशी आतड्याच्या अस्तरात टिकून कशा राहतात, हे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते. १९९४ साली त्याचा एक धागा हाती आला. काही पेशींच्या अंगावर एक प्रथिन असते, अस्तराच्या पेशींवर दुसरे. काजात बटण बसावे तशी ती दोन्ही एकमेकांत बसतात.