सेरामपूरचा विल्यम कॅरी

आपल्या या अंकात मराठी आणि कानडी हे दोन्ही विभाग एकाच बांधणीत येतात. या दोन्ही भाषांची व्याकरणे इंग्रजीतून लिहून छापणारा एकच माणूस होऊन गेला आणि त्याने महाराष्ट्र किंवा कर्नाटक यांपैकी एकही प्रदेश कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, कानडीचे १८१७ साली. दोन्ही छापली गेली ती बंगालमध्ये, हुगळीकाठच्या सेरामपूर येथे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद बहुधा एवढ्यावरच संपते. कॅरी मात्र स्वतःला भाषापंडित समजत नसे. सुवार्ता सांगण्यासाठी देवाने आपल्याला पाचारण केले आहे, एवढेच तो जाणत होता. त्या पाचारणाची कितीतरी वर्षे त्याने निराशेत काढली, आणि त्याच्या चरित्रातला मला मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

त्याचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. वडील विणकर होते, पुढे गावचे शाळामास्तर झाले. मुलाला जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला घातले. हातात आरी आणि समोर उघडे पुस्तक अशा रीतीने त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. दुकानाच्या भिंतीवर कागदाला कागद चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला होता आणि त्यावर देशोदेशींची लोकसंख्या, धर्म यांच्या टिपा लिहिल्या होत्या. १७८१ साली डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्याचे लग्न झाले. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. पुढे तो एका लहान बॅप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला, परंतु तेवढ्या पगारात घर चालेना, म्हणून जोडे आणि शाळा दोन्ही चालूच राहिली.

१७९२ साली त्याने परदेशी मिशनकार्याच्या कर्तव्यावर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केटरिंग गावी काही पाळकांनी मिळून मिशनरी सोसायटी काढली. वर्गणी जमली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. एवढ्या भांडवलावर जून १७९३ मध्ये कॅरी जॉन टॉमस नावाच्या डॉक्टरबरोबर एका डॅनिश जहाजातून निघाला. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना मिळण्याची आशा नव्हतीच.

येथे डॉरथीबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. पाचारण नवऱ्याला झाले होते, तिला नव्हे. तिने प्रथम साफ नकार दिला होता. जहाज लांबले म्हणून पुन्हा विनवण्या झाल्या आणि बहीण सोबत येत असेल तर येते, असे म्हणून ती पदरातले तान्हे मूल घेऊन निघाली. कॅरीच्या चरित्रकारांनी पुष्कळ दिवस तिला त्याच्या मार्गातली धोंड ठरवले. मला हा न्याय वाटत नाही. त्याच्या चिकाटीची जी किंमत मोजली गेली, तिच्यातला फार मोठा वाटा तिचा होता, आणि ती देण्याविषयी तिचे मन कोणी नीट विचारलेही नव्हते.

नोव्हेंबर १७९३ मध्ये मंडळी कलकत्त्यास उतरली. टॉमस उधळ्या स्वभावाचा असल्याने बरोबरचे पैसे लवकरच संपले. काही दिवस सुंदरबनाच्या कडेला काढल्यावर १७९४ साली माल्दा-दिनाजपूर भागात मदनाबती येथील निळीच्या कारखान्याची देखरेख कॅरीला मिळाली. पोटाचा प्रश्न सुटला. पण त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. कॅरी स्वतः तापाने पडलेला. प्रेताला हात लावायला आणि खड्डा खणायला कोणी धजेना. अखेर चार मुसलमान गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी ते काम केले. या घावातून डॉरथी सावरली नाही. तिच्या बुद्धीला भ्रम झाला, नवऱ्याविषयी नाही नाही ते संशय घेऊन ती त्याच्या अंगावर धावून जाऊ लागली. पुढची बारा वर्षे, १८०७ साली ती वारली तोपर्यंत, कॅरीने घरात हे दुःख ठेवूनच काम केले.

विलायतेहून पत्र नाही. निघाल्यापासून जवळजवळ दोन वर्षांनी, १७९५ च्या उन्हाळ्यात, पहिली पत्रे हाती आली. निळीच्या धंद्यात पडून आमचा मिशनरी ऐहिक गोष्टींत गुंतेल अशी सोसायटीला चिंता वाटत होती, आणि तशी समजही पुढे त्याला देण्यात आली. सोसायटीचे पैसे आपण घेत नाही, उलट आपल्या मिळकतीतून भाषांतराचा खर्च चालवतो आहोत, हे त्याला लिहून कळवावे लागले. मुलगा गेलेला, पत्नी अशी, आणि वर आपल्याच माणसांचा अविश्वास!

त्या वर्षांतली त्याची रोजनिशी वाचणाऱ्याला नवल वाटते. तिच्यात आवेश मुळीच नाही. आज मन कोरडे आहे, प्रार्थनेत गोडी नाही, बोलायला एकही सोबती नाही, मी आळशी आहे, या कामाला नालायक आहे, अशाच नोंदी पुन्हा पुन्हा येतात. धर्मोपदेशकाने सदा उत्साहात असले पाहिजे अशी आपली समजूत असते. कॅरीला तो उत्साह लाभला नाही, आणि तो लाभेपर्यंत थांबणेही त्याने पत्करले नाही. मनाची स्थिती आणि दिवसाचे काम या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. सकाळी मन कसेही असो, रामराम बसू या मुन्शीला समोर बसवून बंगाली भाषांतराची पाने पुढे सरकत. रविवारी आसपासच्या गावांत उपदेश. लोक ऐकून घेत आणि घरी जात. कलकत्त्याहून लाकडी छापखाना आणला तेव्हा तो साहेबाचा देव आहे, असे खेडूत म्हणू लागले. पाच वर्षे झाली, सहा झाली, तरी बाप्तिस्मा घेणारा एकही हिंदी माणूस मिळाला नाही.

१८०० च्या जानेवारीत कॅरी सेरामपूरला आला. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून तेथे कंपनीचा हात पोचत नसे. नवे सोबती जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड तेथे आधीच उतरले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कृष्णा पाल नावाच्या सुताराचा हात निखळला, टॉमसने तो बसवला, आणि त्यातून बोलणी वाढली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत कृष्णा पालला बाप्तिस्मा देण्यात आला. सात वर्षांनी पहिले फळ. पण त्या दिवशीही आनंद निर्भेळ नव्हता. टॉमसला हर्षाने वेड लागले होते, त्याला एका खोलीत बंद ठेवावे लागले, आणि दुसऱ्या खोलीतून डॉरथीच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.

१८०१ साली बंगाली नवा करार छापून झाला आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची नेमणूक झाली. तेथे तो बंगाली आणि संस्कृत शिकवी, पुढे मराठीही शिकवू लागला. सुरुवातीचे पाचशे आणि नंतरचे एक हजार रुपये मासिक वेतन, थोडासा घरखर्च वगळता, मिशनच्या फंडात जाई. मराठीच्या कामी त्याला वैजनाथ पंडितांचे साह्य होते. १७७८ साली रोम येथे पोर्तुगीज भाषेतून मराठीचे व्याकरण छापले गेले होते, हे गोव्याकडच्या वाचकांना ठाऊक असेल. इंग्रजीतून ते काम कॅरीने केले. १८१० साली त्याचा मराठी कोश मोडी ठशांत निघाला, १८११ साली मराठी नवा करार. ती मराठी पुणे-मुंबईकडच्या वाचकांना परकी वाटली आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली नवा करार स्वतंत्रपणे छापला, हेही नमूद केले पाहिजे. इतक्या श्रमाचे पुस्तक पंधरा वर्षांत बाजूला पडले!

परंतु त्याआधी आग लागली. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी वॉर्ड कचेरीत बसला असताना कागदाच्या कोठारातून धूर येऊ लागला. दारेखिडक्या बंद करून, छपरातून पाणी ओतून आग जवळजवळ आटोक्यात आली होती. तेवढ्यात कोणी तरी एक खिडकी उघडली, वारा शिरला आणि मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. चौदा भाषांचे ठसे वितळले. कागदाची बाराशे रिमे गेली. कानडी नव्या कराराचे हस्तलिखित, तेलुगू व्याकरण, रामायणाच्या भाषांतराची पाने, आणि संस्कृतसह हिंदी भाषांचा जो मोठा कोश कॅरी वर्षानुवर्षे रचत होता तो, सगळे जळाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन बातमी सांगितली.

कॅरी परत आला, राख पाहिली, आणि डोळ्यांत पाणी आले तरी त्याने हिशेब मांडला. यंत्रे वाचली होती. ढिगाऱ्याखाली ठसे ओतण्याचे साचे शाबूत सापडले. शेजारचे एक कोठार रिकामे झाले होते, ते छापखान्यासाठी घेतले. मनोहर कर्मकार या कुशल कारागिराच्या हाताखाली वितळलेल्या शिशातून पुन्हा अक्षरे ओतली जाऊ लागली. दुसऱ्यांदा चालताना वाट अधिक ओळखीची असते, अशा अर्थाचे काहीसे तो मित्रांना लिहीत होता. इंग्लंडात दहा हजार पौंडांची भरपाई सुमारे दोन महिन्यांत जमा झाली. कोश मात्र पुन्हा झाला नाही, रामायणही सोडून द्यावे लागले. चिकाटीने सारे परत मिळते असे नाही. कानडीचे मात्र त्याने पुन्हा हाती घेतले. १८१७ चे ते व्याकरण या आगीनंतरचे आहे, हे ध्यानात ठेवून ते हाती घ्यावे.

उतारवयातही सुख नव्हते. थोरला मुलगा फेलिक्स मिशन सोडून ब्रह्मदेशाच्या दरबारी गेला, बायकामुले नदीत बुडाल्यावर भ्रमिष्टासारखा भटकला, परत आला आणि १८२२ साली वारला. १८२३ साली वॉर्ड पटकीने गेला. त्याच वर्षी पुराने कॅरीची लाडकी बाग वाहून नेली. इंग्लंडातील सोसायटीशी मालमत्तेवरून वाद वाढत गेला आणि १८२७ साली संबंध तुटला. १८३० नंतर कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या, त्यांत मिशनच्या ठेवीही गेल्या. तरी डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा भाषांतरासाठी आला तेव्हा रविवारचा उपदेश दुसऱ्यावर सोपवून तो दिवसभर त्यावर बसला. उशीर झाला तर आणखी एखादी बाई चितेवर जाईल, ही त्याची घाई.

पुतण्या युस्टेस याला त्याने एकदा सांगून ठेवले होते, की आपले चरित्र लिहिलेच तर नेट धरून रेटत राहणारा एवढेच लिहावे, त्याहून जास्त लिहिल्यास ती अतिशयोक्ती होईल. बंगाली बायबलची शेवटची दुरुस्ती १८३२ साली पुरी झाली. ९ जून १८३४ रोजी सकाळी तो वारला. मुलगा जेबेझ याला देण्यासाठी शिल्लक काही नव्हती, म्हणून आपला ग्रंथसंग्रह विकून त्यातून पंधराशे रुपये द्यावेत, असे मृत्युपत्रात लिहिलेले होते.