बाबासाहेबांच्या पदव्यांचे मोल

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावापुढील पदव्या आपण अभिमानाने उच्चारतो. त्यांसाठी काय मोजावे लागले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

आपल्याच कोकणातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील सुभेदार रामजी यांच्या निवृत्तिवेतनात कॉलेजचा खर्च भागणे कठीण होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते पदवीधर झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी पितृछत्र हरपले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी करारावर सही केली : परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि त्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. माता रमाई मुंबईत काटकसरीने संसार सांभाळीत राहिल्या.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली ते एम.ए. झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. एवढ्या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतील शिपाईसुद्धा त्यांच्याकडे कागद दुरूनच फेकीत. नामांकित विद्यापीठाची पदवी जातीचा अपमान टाळू शकली नाही.

तरीही त्यांनी विद्येवरील श्रद्धा सोडली नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. आपला घाट चढून राधानगरीमार्गे ज्या कोल्हापुरास आपण जातो, तेथील राजर्षी शाहू महाराजांनीही साहाय्य केले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व एम.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतले; डी.एस्सी. पदवी त्यांना परतल्यानंतर मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या विद्येचा विनियोग त्यांनी कसा केला, यातच तिचे मोल आहे. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. ज्यांना कोलंबिया दिसणे शक्य नव्हते, त्यांच्या दारी त्यांनी ज्ञान आणून ठेवले.

पालकांनी मुलांसाठी महाविद्यालय निवडताना नावाआधी तेथील शिक्षक व ग्रंथालय पाहावे, कर्जाचा हिशेब मुलांसमोर मांडावा. मात्र केवळ खर्चाच्या भीतीने मोठे दार बंद करू नये. बाबासाहेबांसाठी ते दार शिष्यवृत्ती, मित्राचे कर्ज आणि रमाईंचा त्याग यांमुळे उघडे राहिले. आपल्या शाळेतून शिकून कमावते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील एका तरी मुलीच्या पहिल्या वर्षाच्या शुल्काचा भार उचलावा. त्या महामानवास हीच खरी आदरांजली ठरेल.