रेजिनाल्ड पोकॉक : बिळातल्या कोळ्यांना नावं देणारा माणूस

पावसाळ्यात कधी कधी हाताच्या पंज्याएवढा केसाळ कोळी भिंतीकडेने चालताना दिसतो. पोरं ओरडतात आणि कुणीतरी चप्पल उचलतं. हा चावला तर माणूस मरतो का, हा प्रश्न ठरलेलाच. त्याला टॅरँटुला म्हणतात एवढं मोबाईलवरून पोरांना ठाऊक असतं. पण आपल्या देशातल्या या कोळ्यांची पहिली नीट यादी कोणी केली, हे मुलांना सांगितलं तर धडा रंगतो. म्हणून आज रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांची ओळख.

पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन इथे झाला. वडील धर्मोपदेशक. ऑक्सफर्डच्या शाळेत असतानाच त्यांना प्राण्यांचं वेड लागलं. पुढे ब्रिस्टलला जीवशास्त्र आणि भूशास्त्र शिकून १८८५ मध्ये ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सहायक म्हणून लागले. तिथे त्यांच्या वाट्याला कोळी, विंचू आणि गोमा आल्या. खरं तर हे खातं कुणी हौसेनं मागून घेईल असं नाही! पण पोकॉक त्यात रमले आणि अठरा वर्षांत त्यांनी सुमारे दोनशे शोधनिबंध लिहिले.

भारतातून त्यांच्याकडे बाटल्या येत. स्पिरिटमध्ये बुडवलेला कोळी आणि सोबत गावाच्या नावाची चिठ्ठी. पाठवणारे कोण? वनखात्यातले साहेब, डॉक्टर आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची हौशी मंडळी. या सोसायटीच्या नियतकालिकातच १८९९ मध्ये पोकॉक यांनी अनेक नव्या भारतीय जाती जाहीर केल्या. त्यातल्या एका जमिनीवरच्या टॅरँटुलाला त्यांनी सोसायटीच्या मिलार्ड यांच्या नावावरून मिलार्डी असं नाव दिलं. हेच ते मिलार्ड, ज्यांच्याकडे पुढे १९०८ मध्ये लहानगा सलीम अली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन गेला होता. सलीम अलींचा धडा शिकवताना हा धागा जरूर जोडा.

१९०० मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत पोकॉक यांचा कोळी-विंचवांचा खंड निघाला. आपल्या सह्याद्रीतला चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस हा बिळात राहणारा कोळी त्यांनीच नाव दिलेला. त्याचं बीळ आतून रेशमी धाग्यांनी मढवलेलं असतं, तोंडाशी जाळ्याची चादर. रात्री तो दाराशी बसतो. किडा त्या धाग्यांवरून गेला की थरथर पायांना कळते आणि झडप पडते. डोळे आठ असूनही नजर अधूच. डिवचलं तर पुढचे पाय वर करून उभा राहतो. शिवाय जबड्याजवळचे बारीक काटे एकमेकांवर घासून आवाजही काढतो. कोळ्यांच्या या आवाज काढणाऱ्या अवयवांवर पोकॉक यांनी खास लेखन केलं. जाती ओळखताना त्या काट्यांची ठेवण ते बारकाईने बघत. मुलांना पाय मोजायला लावा, बरीच जण दहा सांगतात. पुढची जोडी पाय नसून स्पर्शाचे अवयव असतात.

पावसात भटकताना दिसतो तो बहुतेक नर असतो. वयात आला की तो बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि त्यानंतर फार काळ जगत नाही. मादी मात्र त्याच बिळात वर्षानुवर्षं राहते, अंड्यांची पिशवी सांभाळते. चावला तर दुखतं, सूज येते, पण भारतातल्या टॅरँटुलामुळे माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. तरी हात लावू नये, हे आलंच.

दूर बसून चिठ्ठीवर विसंबण्यात गफलतही होते. १८९९ मध्येच पोकॉक यांनी एका सुंदर निळ्या कोळ्याचं वर्णन केलं. हा मात्र झाडावर राहणारा. गाव लिहिलं होतं गुत्ती, आजच्या आंध्र प्रदेशातलं. तो सापडला होता रेल्वेच्या लाकूड-वखारीत! लाकडांसोबत गाडीतून आला असणार. त्याचं खरं जंगल साधारण शंभर किलोमीटरवर नंद्यालच्या बाजूला, ते सापडायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. माझ्या मते प्रयोगवहीत ठिकाण नि तारीख का लिहायची, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण नाही. आपलं परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. बाटल्या पाठवणाऱ्या मंडळींचा राबता जास्त मुंबई इलाख्यात आणि घाटाकडे होता. काळ्या मातीच्या भेगांत आणि धुऱ्यांवर काय राहतं, हे आपल्या मुलांनीही बघून, न मारता, वहीत लिहावं असं मला वाटतं.

१९०४ मध्ये पोकॉक लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले. १९११ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य. १९२३ ला निवृत्त झाल्यावर ते घरी बसले नाहीत. म्युझियममध्ये विनावेतन काम करत वाघ, सिंह, बिबट्यांचा अभ्यास केला. भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचे त्यांचे दोन खंड १९३९ आणि १९४१ मध्ये आले, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

९ ऑगस्ट १९४७ रोजी ते वारले, भारत स्वतंत्र व्हायला सहा दिवस बाकी होते. त्यांनी तपासलेले कोळी आजही लंडनच्या म्युझियममध्ये आहेत, आणि आपल्याकडचे तरुण संशोधक नवी जात सापडली की आधी त्यांच्याशी ताडून बघतात.