रोगाचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

रोग झाला की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर तपासतात, औषध देतात. पण हा रोग याच माणसाला का झाला, असे विचारणारे डॉक्टर थोडे असतात. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे असे डॉक्टर होते. रोगामुळे शरीरात कोणते बदल होतात, याचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून खानोलकरांना ओळखतात.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठातून त्यांनी विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवली. त्या काळी विलायतेची पदवी घेतलेला डॉक्टर दवाखाना थाटून भरपूर पैसा मिळवू शकत असे. खानोलकरांनी मात्र शिकवण्याचा आणि संशोधनाचा मार्ग धरला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी.एस. मेडिकल कॉलेजात ते प्राध्यापक होते.

१९४१ साली मुंबईत परळ येथे कर्करोगाच्या उपचारांसाठी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. रुग्णाच्या गाठीचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ठरवायचा, हे तेथील रोजचे काम.

हे काम करताना एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण येथे फार येत होते. युरोपात हा रोग इतका आढळत नसे. असे का व्हावे? काचेवरच्या कापातून याचे उत्तर मिळणार नव्हते. त्यासाठी रुग्णाजवळ बसून तो काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, हे विचारावे लागणार होते. खानोलकरांनी तेच केले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी त्यांनी लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांवर एक लेख लिहिला. बिहारकडचे लोक तंबाखूत चुना मळून ती खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवत. कर्करोग नेमका तेथेच होई. काही माणसे धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळून बांधत. कापड घासून कमरेची कातडी काळी व जाड होई आणि कधी कधी तेथे कर्करोग उद्भवे. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात. तेथील लोकांत पोटाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. प्रांत वेगळे, सवयी वेगळ्या, पण सूत्र एकच. ज्या जागी रोजचा त्रास, त्या जागी रोग.

तरीही एक शंका उरत होती. तंबाखू तर हजारो लोक खातात. मग दोष तंबाखूचाच कशावरून? नुसते रोग्यांना विचारून हे कळत नाही. ज्यांना तो रोग नाही, अशांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात आणि दोन्ही गटांची तुलना करावी लागते. लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी याच पद्धतीने सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली दाखवला होता. खानोलकर, संघवी आणि राव यांनी मुंबईत तशीच तुलना केली. १९५५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आणि ओढण्याचा संबंध मुख्यतः घशाच्या कर्करोगाशी दिसून आला.

या शोधाचे मोल मोठे आहे. जो रोग सवयीतून येतो, तो सवय सोडून टाळता येतो. हजारो शस्त्रक्रिया करूनही जे साधत नाही, ते एका सवयीपासून दूर राहून साधते.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांच्या हाताखाली अनेक तरुण शास्त्रज्ञ तयार झाले. डॉ. कमल रणदिवे या त्यांच्या विद्यार्थिनीने पुढे कर्करोग संशोधनात मोठे नाव मिळवले. कुष्ठरोगावरही खानोलकरांनी मोलाचे संशोधन केले. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम पुढे चालू राहिले. तंबाखूने हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब होतात, हे आता सिद्ध झाले आहे. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असे जागतिक तज्ज्ञांनी जाहीर केले. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली.

पण कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, सवय घरापर्यंत. आपल्या नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तंबाखूची पुडी अशी कोणतीच हद्द मानत नाही. ती पुढे करणारा हात बहुतेक वेळा मित्राचाच असतो. तेव्हा त्याला नाही म्हणणे आणि त्यालाही त्यापासून वाचवणे, हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

शब्दार्थ
आढावा – सर्व बाजूंनी घेतलेली माहिती
सूत्र – अनेक गोष्टींना जोडणारा नियम
निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले उत्तर
हद्द – सीमा

स्वाध्याय
१. खानोलकरांनी दवाखाना न थाटता कोणता मार्ग धरला?
२. रोग नसलेल्या लोकांनाही प्रश्न का विचारावे लागतात?
३. ‘ज्या जागी रोजचा त्रास, त्या जागी रोग’ हे दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. मित्राने तंबाखूची पुडी पुढे केली तर तुम्ही त्याला काय सांगाल? पाच वाक्ये लिहा.